इशारा आणि वसुली

संगणक सुरू करावा, कामाची फाईल उघडावी आणि तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात लाल चौकट उगवावी: "आपले संरक्षण संपले आहे." खाली पैसे भरण्याचे ठसठशीत बटण आणि त्याच्या शेजारी 'नंतर आठवण करा' ही जेमतेम दिसणारी फिकट अक्षरे. 'नको' म्हणण्याची सोयच नाही. या छळाबद्दल कुणी जाहीर तक्रार केली की उत्तर देणाऱ्यांचे लगेच दोन तट पडतात. पहिल्या तटाच्या मते अँटिव्हायरस हा सगळा धंदाच लबाडीचा असून ते सॉफ्टवेअर काढून टाकले की प्रश्न मिटतो. दुसऱ्या तटाच्या मते कुलपाचा खर्च टाळणाऱ्याने पुढे चोरी झाल्याची कुरकूर करू नये. वर्षातून एकदा पैसे भरायचे, यात एवढा गहजब कसला? हा वाद इतक्या वेळा वाचून झाल्यावर मला वाटू लागले आहे की दोन्ही तट भलत्याच प्रश्नावर भांडत आहेत. अँटिव्हायरस विकत घ्यावा की नाही, हे ज्याने त्याने आपल्या गरजेप्रमाणे ठरवावे. सार्वजनिक चर्चेचा प्रश्न निराळा आहे: धोक्याचा इशारा आणि पैशाची मागणी ही दोन्ही एकाच चौकटीतून, एकाच रंगात आणि एकाच आवाजात आपल्यापर्यंत यावीत काय? माझ्या मते येऊ नयेत. विक्रीसाठी राबवलेला इशारा हा नुसता उपद्रव नाही, तो सुरक्षेतलाच दोष आहे, आणि सुरक्षा विकणाऱ्या कंपन्यांनी तो इतर दोषांइतक्याच तातडीने दुरुस्त करायला हवा.

धोका खोटा आहे असे मात्र कुणी म्हणू नये. १९८६ मध्ये फ्लॉपीवरून पसरलेल्या 'ब्रेन' व्हायरसपासून नोव्हेंबर १९८८ मध्ये तेव्हाचे चिमुकले इंटरनेट अडवून धरणाऱ्या मॉरिस वर्मपर्यंत आणि तिथून मे २०१७ च्या 'वॉनाक्राय' या रॅन्समवेअरपर्यंत, म्हणजे फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरपर्यंत, हा इतिहास खरा आहे. वॉनाक्रायने तर ब्रिटनमधल्या रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलायला लावल्या. पण त्याच प्रसंगातला एक तपशील दुसऱ्या तटाच्या बोलण्यात कधी येत नाही. वॉनाक्राय ज्या फटीतून आत शिरला ती बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच, म्हणजे हल्ल्याच्या दोन महिने आधी दिले होते, आणि ते विनामूल्य होते. ज्यांनी ते वेळेवर बसवले त्यांच्या यंत्रांत त्या फटीतून कुणाला शिरता आले नाही. सुरक्षेतला मोठा भाग अशा नीरस शिस्तीचा असतो: अपडेट बसवणे, महत्त्वाच्या फाईलींची प्रत वेगळ्या जागी ठेवणे, अनोळखी जोडपत्र न उघडणे. या शिस्तीचे बिल कुणी लावू शकत नाही, आणि म्हणूनच बहुधा तिची लाल चौकटही कुणी दाखवत नाही.

भीतीवर विक्री बेतण्याची सवय या व्यवसायाला जन्मापासून आहे. ६ मार्च १९९२ रोजी 'मायकेलअँजेलो' नावाचा व्हायरस जागा होऊन डिस्कवरची माहिती पुसणार, अशी हाकाटी त्या वर्षी झाली होती. या धंद्यातले अग्रणी जॉन मॅकाफी यांच्या हवाल्याने बाधित संगणकांचे ५० लाखांपर्यंतचे आकडे वृत्तपत्रांत छापून आले. तो दिवस उजाडला आणि मावळला. प्रत्यक्ष नुकसानीच्या नोंदी हजारांच्या घरात राहिल्या, अँटिव्हायरसचा खप मात्र दणकून झाला. व्हायरस खरा होता, नुकसान झाले त्यांचे खरेच झाले, फक्त आकडा विक्रीच्या सोयीचा होता. तेव्हापासून आजवर या व्यवसायात धोक्याचा अंदाज आणि विक्रीचा अंदाज एकाच टेबलावर बसून केला जातो.

अर्थात त्या काळी विकत घेतलेल्या अँटिव्हायरसला फारसा पर्याय नव्हता, हे मान्य केले पाहिजे. आज परिस्थिती पालटली आहे. २०१२ साली विंडोज ८ बरोबर डिफेंडर हे मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे सॉफ्टवेअर पूर्ण अँटिव्हायरस म्हणून अंगभूत आले. सुरुवातीच्या वर्षांत स्वतंत्र चाचण्यांमध्ये त्याची कामगिरी इतकी सुमार होती की विकत घेणाऱ्यांची बाजू तेव्हा बळकट होती. पुढे मात्र एव्ही-टेस्टसारख्या प्रयोगशाळांत ते विकतच्या उत्पादनांच्या पंगतीत पूर्ण गुण मिळवू लागले. हे स्थित्यंतर पाहताना मला लंडनच्या अग्निशमनाचा इतिहास आठवतो. १६६६ च्या महाआगीनंतर तिथे अग्निविमा कंपन्या निघाल्या, त्यांनी आपापली बंबवाली पथके नेमली आणि विमाधारकांच्या घरांवर धातूच्या खुणा ठोकल्या. (बिनखुणेचे घर ही पथके खुशाल जळू देत, ही कथा चविष्ट असली तरी अभ्यासकांना ती फारशी मान्य नाही, शेजारचे विमा उतरवलेले घर वाचवायचे तर जळते घर विझवावेच लागते.) १८३३ मध्ये कंपन्यांनी ही पथके एकत्र केली, १८६१ मध्ये टूली स्ट्रीटच्या भीषण आगीने त्यांचे कंबरडे मोडले, आणि १८६५ च्या कायद्याने आग विझवणे हे सार्वजनिक काम ठरले. विमा कंपन्या त्यानंतर बुडाल्या नाहीत. त्या विमाच विकत राहिल्या. मूलभूत संरक्षण सर्वांच्या वाट्याला आले की खासगी विक्रेत्यापुढे दोनच वाटा उरतात. एक तर त्याहून अधिक काही खरोखर द्यायचे, नाहीतर मूलभूत संरक्षण जणू अस्तित्वातच नाही असे गिऱ्हाइकाला भासवायचे. "आपला संगणक असुरक्षित आहे" हे वाक्य डिफेंडर असलेल्या यंत्रावर ज्या बेधडकपणे दाखवले जाते, त्यावरून यातली कोणती वाट अनेकांनी धरली हे समजते.

याहून जवळचा दाखला आपल्याच इतिहासात आहे. मराठ्यांची चौथाई म्हणजे नेमके काय, यावर इतिहासकारांत जुना वाद आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी तिच्यात संरक्षणाचा करार पाहिला आणि तिची तुलना वेलस्लीच्या तैनाती फौजेशी केली; जदुनाथ सरकारांना ते पटले नाही, त्यांच्या मते चौथाई देणाऱ्याला मिळे ती फक्त मराठ्यांच्याच स्वारीपासून सुटका, तिसऱ्या कुणापासून रक्षण करण्याची बांधिलकी तीत नव्हती. १७१९ च्या सनदेत चौथाईच्या बदल्यात पंधरा हजार फौज बादशाहीच्या सेवेत ठेवण्याचे कलम होते, त्यामुळे निदान त्या टप्प्यावर तरी रानड्यांच्या बाजूला आधार सापडतो. तो वाद इथे सोडवण्याचे कारण नाही. त्यातला प्रश्न मात्र इथे तंतोतंत लागू पडतो: आपण जे देतो ते संरक्षणाचे मोल आहे, की मागणाऱ्याने स्वतःच चालवलेला उपद्रव थांबवण्याचे? अँटिव्हायरसचे नूतनीकरण करणाऱ्या ओळखीच्या चारचौघांना सहज विचारून पाहिले, तेव्हा "ती चौकट एकदाची जावी म्हणून" हे उत्तर मला जितक्या वेळा मिळाले तितक्या वेळा "गेल्या वर्षी त्याने मला वाचवले म्हणून" हे मिळाले नाही. 'भीक नको पण कुत्रा आवर' या न्यायाने भरलेले पैसे कंपनीच्या हिशेबात समाधानी ग्राहकाचे नूतनीकरण म्हणूनच जमा होतात.

विरोधी बाजूचा खरा भक्कम मुद्दा पैशाचा आहे. नवनव्या व्हायरसांचा माग काढणारी माणसे पगारावर काम करतात, आणि वर्षभर चालणाऱ्या कामाला वर्गणीचे रूप शोभते. शिवाय फुकटाची किंमत आपण पाहिली आहे. फुकट अँटिव्हायरस देणाऱ्या अवास्ट या कंपनीने आपल्या वापरकर्त्यांच्या ब्राउझिंगची माहिती जंपशॉट या उपकंपनीमार्फत विकली. माग काढणाऱ्यांपासून वाचवू असे सांगणारा स्वतःच माग काढत होता. कुंपणच शेत खाते याचे याहून शुद्ध उदाहरण शोधून सापडणार नाही. हे प्रकरण उघडकीला आल्यावर २०२० मध्ये जंपशॉट बंद झाली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १ कोटी ६५ लाख डॉलर भरण्याचा व अशी माहिती जाहिरातींसाठी न विकण्याचा आदेश कंपनीपुढे ठेवला. तेव्हा उघडपणे पैसे मागणारी वर्गणी ही लपूनछपून माहिती विकण्यापेक्षा कितीतरी प्रामाणिक, हे मी बिनशर्त मान्य करतो. पण वर्गणी प्रामाणिक असणे आणि वर्गणी गोळा करण्याची रीत प्रामाणिक असणे या दोन गोष्टी आहेत. २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलने मॅकाफी ही अँटिव्हायरस कंपनी आणि 'नॉर्टन' अँटिव्हायरसची तेव्हाची मालक सिमँटेक या दोघींकडून प्रत्येकी ३ लाख ७५ हजार डॉलर दंड वसूल केला, कारण ग्राहकाला नीट न सांगता नूतनीकरणाचे पैसे आपोआप कापले जात होते. २०२१ मध्ये ब्रिटनच्या स्पर्धा नियामकापुढे त्याच दोन नाममुद्रांना त्याच विषयावर लेखी हमी द्यावी लागली: पूर्वसूचना स्पष्ट देऊ, नकळत कापलेले पैसे परत मिळवणे सोपे करू. मधली बारा वर्षे ही काय अनवधानाची मानायची?

"आपोआप नूतनीकरण हे विसराळू ग्राहकाच्या हिताचेच आहे" असा प्रतिवाद यावर होतो, आणि तो सर्वस्वी पोकळ नाही. मुदत संपलेले कुणाला आठवत नाही, आणि मुदत संपलेला अँटिव्हायरस नवे धोके ओळखत नाही. पण विंडोजवर विकतचा अँटिव्हायरस काढून टाकला की डिफेंडर आपसूक जागा घेते. म्हणजे मुदत संपल्यावर संगणक उघडा पडतोच असे नाही. खरी वाईट अवस्था ती, ज्यात कालबाह्य पाहुणा जागा अडवून बसतो, स्वतः राखण करत नाही आणि पैशाची हाक तेवढी देत राहतो. ग्राहकाच्या विसराळूपणाची एवढी काळजी असती, तर मुदत संपताच "आमचे काम संपले, यापुढे अंगभूत संरक्षण चालू राहील" असे सांगून बाजूला होण्याची व्यवस्था या कंपन्यांनीच केली असती. आणि विसराळू माणसाची ही काळजी पहिल्या वर्षी सवलतीत नि दुसऱ्या वर्षापासून चढ्या भावात का केली जाते? नोंदणी एका क्लिकवर आणि रद्द करण्याची वाट खात्याच्या तिसऱ्या पानावरच्या चौथ्या मेनूत, हे कोणत्या हिताचे?

रद्द करणे सोपे केले तर धंदा बुडेल, ही भीतीही अनुभवाला उतरलेली नाही. जर्मनीत १ जुलै २०२२ पासून संकेतस्थळावर घेतलेली वर्गणी तिथेच रद्द करण्याचे बटण ठेवणे सक्तीचे आहे. भारतात रिझर्व्ह बँकेच्या २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनी कार्डावरून आपोआप पैसे कापण्याआधी किमान चोवीस तास सूचना देणे बंधनकारक केले, तेव्हा अनेक परदेशी वर्गण्या काही काळ अडल्या, कुरकूर झाली, आणि मग सगळ्यांनी आपापल्या यंत्रणा सुधारल्या. अमेरिकेत मात्र 'घेणे जितके सोपे तितकेच सोडणे सोपे' हा ऑक्टोबर २०२४ चा नियम जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने प्रक्रियेच्या कारणावरून रद्द ठरवला. म्हणजे हा प्रश्न तंत्राचा नाही. बटण बसवणे कुणालाही जमते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो, कारण पैशाची बाब त्यापुढे दुय्यम आहे. आज खरी चौकट आणि खोटी चौकट यांत सामान्य माणसाने फरक कसा करायचा? ब्राउझरमध्ये एखाद्या संकेतस्थळाला चुकून नोटिफिकेशनची परवानगी दिली की तिथून "तुमच्या संगणकात पाच व्हायरस सापडले" अशा चौकटी येऊ लागतात. नामांकित अँटिव्हायरसच्या नावाने खोटे बिल ईमेलने येते: तुमचे नूतनीकरण झाले आहे, पैसे कापले जात आहेत, नको असल्यास या क्रमांकावर फोन करा. फोन केला की पलीकडचा माणूस 'परतावा' देण्यासाठी तुमच्या संगणकाचा ताबा मागतो आणि तिथून पुढे जे घडते ते वेगळे सांगायला नको. या ईमेलला लोक का फसतात? खऱ्या कंपन्याही अगदी याच रीतीने, याच भाषेत, याच घाईने पैसे कापतात हे वाचणाऱ्याला अनुभवाने ठाऊक असते म्हणून. खऱ्या विक्रेत्याने कधीच घाबरवून पैसे मागितले नसते, तर घाबरवून पैसे मागणारी प्रत्येक चौकट आपोआप संशयास्पद ठरली असती. बँकांनी "आम्ही फोनवर कधीही ओटीपी विचारत नाही" हे वाक्य वर्षानुवर्षे घोकले, त्यामागे हाच विचार होता. ते वाक्य उपयोगी पडते, कारण बँक ते पाळते. अँटिव्हायरस कंपन्यांना असे एकही वाक्य उच्चारता येत नाही, आणि फसवणाऱ्यांचे फावते ते तिथे.

यावर कुणी म्हणेल की चोरांनी पोलिसाचा गणवेश घातला, यात पोलिसाचा काय दोष? दोष असा की इथे गणवेशातला माणूसही पावती फाडतानाच भेटतो. २०१९ मध्ये अमेरिकेत ऑफिस डेपो ही साखळी आणि तिला सॉफ्टवेअर पुरवणारी सपोर्ट डॉट कॉम यांनी मिळून ३ कोटी ५० लाख डॉलर भरण्याचे मान्य केले. त्यांच्या दुकानांत संगणकाची 'मोफत तपासणी' होत असे. तपासणीच्या सुरुवातीला चार प्रश्न असत: संगणक मंद चालतो का, व्हायरसच्या सूचना येतात का, तो वारंवार बंद पडतो का, पॉप-अप येतात का. यांपैकी एकाही चौकटीत टिक केली की निकालात व्हायरसची लक्षणे दिसत. मधल्या स्कॅनचा त्या निकालाशी संबंध नव्हता. यात रात्री-बेरात्री फोन करणारी अज्ञात टोळी कुठेच नाही. उजेडात, पाटी लावून चाललेले हे दुकान होते. भारताच्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये फसव्या रचनांचे १३ प्रकार मार्गदर्शक तत्त्वांत नोंदवले. त्यांत वर्गणीचा सापळा आहे, पुन्हा पुन्हा टोचत राहणे आहे, खोटी घाई आहे, आणि व्हायरस असल्याचे भासवून पैसे उकळणेही आहे. प्रतिष्ठित म्हणवणाऱ्यांची रीत आणि उघड भामट्यांची रीत त्या यादीत मांडीला मांडी लावून बसल्या आहेत, आणि मला ते योग्य वाटते. 'लांडगा आला रे आला' ओरडणारा गोष्टीतला मुलगा निदान काठ्या विकत नव्हता.

उरतो तो "ग्राहकाने सावध असावे" हा उपदेश. सावध असावेच, आणि त्यासाठी काही गोष्टी ठाऊक हव्यात. सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल केल्याने वर्गणी रद्द होत नाही. ती कंपनीच्या खात्यात जाऊन वेगळी बंद करावी लागते आणि कार्डावरची परवानगीही तपासावी लागते. नेहमीच्या मार्गाने काढूनही अवशेष उरले, तर बहुतेक कंपन्या स्वतःचे खास काढणी-साधन देतात. ब्राउझरमधून येणाऱ्या चौकटींना अँटिव्हायरस लागत नाही, सेटिंगमध्ये जाऊन त्या संकेतस्थळाची नोटिफिकेशनची परवानगी काढली की त्या थांबतात. पूर्ण पडदा व्यापून फोन नंबर दाखवणारी चौकट ही ब्राउझर बंद केल्यावर जाते, आणि त्या नंबरवर फोन कधीच करू नये. पण हा एवढा पाठ प्रत्येक वापरकर्त्याने, त्यातही घरातल्या वयोवृद्ध माणसाने पाठ करावा, अशी अपेक्षा ठेवणारा उपदेश कुणाच्या सोयीचा आहे, हेही पाहावे. आणि सावधपणाला मर्यादा आहेतच. अमेरिकेने कॅस्परस्की या रशियन अँटिव्हायरसच्या विक्रीवर बंदी घातल्यानंतर सप्टेंबर २०२४ मध्ये तिथल्या अनेक ग्राहकांच्या संगणकावर एका सकाळी कॅस्परस्की नाहीसे होऊन 'अल्ट्राएव्ही' नावाचे दुसरेच अँटिव्हायरस बसलेले आढळले. ग्राहकांना आधी ईमेल गेल्याचे कंपनीने सांगितले. पण बटण कुणीच दाबले नव्हते. यंत्राच्या गाभ्यापर्यंत पोहोच असलेल्या सॉफ्टवेअरपुढे ग्राहकाने किती सावध राहायचे?

म्हणून मागणी ग्राहकाच्या शहाणपणाकडे न करता विक्रेत्यांकडे आणि नियामकांकडे करायला हवी, आणि ती मोजकी आहे. ज्या चौकटीत धोक्याची सूचना असेल तीत विक्रीचे बटण नसावे; धोका असेल तर आधी तो निवारावा, हिशेब नंतर आणि वेगळ्या जागी. वर्गणीच्या आठवणीला लाल रंग, कर्कश आवाज आणि 'असुरक्षित' हा शब्द वर्ज्य असावा. 'नको' हे उत्तर कायमचे नोंदले जावे. मुदत संपलेल्या सॉफ्टवेअरने अंगभूत संरक्षणाला वाट करून द्यावी.

आणि हे नियम अंगभूत संरक्षणालाही लागू करावे लागतील. विंडोजच्या स्वतःच्या सुरक्षा पानावर रॅन्समवेअरच्या रकान्यात पिवळे उद्गारचिन्ह दिसते, म्हणून ते उघडावे तर आत धोका असा काहीच नसतो. मायक्रोसॉफ्टचीच वनड्राइव्ह ही साठवणसेवा सुरू करा, एवढे तिथे सुचवलेले असते, आणि तिची फुकट जागा भरली की पुढे वर्गणी असते. फाईलींची प्रत ठेवण्याचा सल्ला उत्तमच आहे. ते पिवळे चिन्ह मात्र तिथून काढायला हवे.